अनोळखी माणूस आणि आपली धर्मशाळा

(संस्थेच्या सुवर्णमहोत्सवानिमित्त शिंदखेडा येथे दिलेल्या व्याख्यानाची संहिता)





सुवर्णमहोत्सवी वर्षात काही विचार मांडावेत, असे निमंत्रण चिटणीसांनी दिले आणि विषय माझ्यावर सोपविला. तीन दशकांहून अधिक काळ वकिली केलेल्या माणसाने दुसरा कोणता विषय निवडावा? ‘न्याय, सुरक्षितता आणि निवारा’ असा विषय मी कळविला. दुसऱ्याच दिवशी एका जुन्या स्नेह्यांचा निरोप आला : “वकीलसाहेब, हा विषय मुंबई-पुण्याचा. आपल्या शिंदखेड्यात बेघर आहे तरी कोण?”

या प्रश्नाबद्दल मी त्यांचा ऋणी आहे. आजचे सारे व्याख्यान म्हणजे त्यांच्या प्रश्नाला दिलेले लांबलेले उत्तर होय.

बेघर कोण, हे पाहावयाचे असेल तर रात्री दहानंतर स्टेशनच्या फलाटावर जावे. हंगामात कापूस वेचणीसाठी सातपुड्याकडून उतरणारी कुटुंबे कोठे निजतात ते पाहावे. बाजारपटांगणाच्या कडेला चार-सहा पाले पडतात आणि आठ-पंधरा दिवसांनी उठतात. ती कोणाची होती, हे आपण कधी विचारले आहे काय? २०११ च्या जनगणनेत २८ फेब्रुवारीच्या एका रात्रीत देशातील बेघरांची मोजदाद झाली. ती संख्या सुमारे १७ लक्ष ७० हजार भरली. पैकी महाराष्ट्रात दोन लक्षांहून अधिक. एका रात्रीत जे दिसले तेवढेच मोजले गेले, हे लक्षात घेतले पाहिजे.

शहरातील बेघरालाही एक गाव असते. ताप्ती खोऱ्याच्या या रेल्वेने आपल्या तालुक्यातील किती तरुण सुरतेला गेले! उधना, लिंबायत या भागांत अहिराणी कानावर पडते ती उगाच नव्हे. त्यांतील पहिल्या पिढीच्या पहिल्या रात्री कोठे गेल्या असतील? १९ जानेवारी २०२१ रोजी सुरत जिल्ह्यात कोसंब्याजवळ रस्त्याकडेला निजलेल्या मजुरांच्या अंगावरून ट्रक गेला आणि १५ जीव गेले. ते बहुतांशी राजस्थानचे होते. आपलेही असू शकले असते.

आता थोडे आपल्या घरातले बोलतो. आपल्या परंपरेत साधूला ‘अनगार’ म्हणतात. अगार म्हणजे घर. ज्याला घर नाही तो अनगार. आपण गृहस्थ ते सागार. ज्याने घर सोडले त्याच्यापुढे घरवाल्याने नतमस्तक व्हावे, अशी ही व्यवस्था. त्या अनगाराला रात्रीपुरता निवारा देणाऱ्या गृहस्थालाही आपल्याकडे एक सुंदर नाव आहे : ‘शय्यातर’, म्हणजे शय्येच्या दानाने तरून जाणारा. साध्वीजींचा विहार धुळ्याकडून निघाला की पुढच्या मुक्कामाला निरोप जातो. तरुण मंडळी पहाटे बरोबर चालतात, वाहनांच्या वेगापासून त्यांना सांभाळतात, आणि मुक्काम येण्यापूर्वीच खोली झाडून ठेवलेली असते. आपण याला सेवा म्हणतो. कायद्याच्या भाषेत बोलायचे तर ही समाजाने उभारलेली सार्वजनिक सुरक्षिततेची एक पूर्ण यंत्रणा आहे. तिच्यात पोलीस नाही, कुलूप नाही. येणारा कोण, हे आधी कळलेले असते, आणि त्याच्यासाठी उत्तर देणारा एक माणूस प्रत्येक गावी असतो. एवढ्या दोनच गोष्टींवर ती चालते.

या दोन गोष्टी ज्याच्या वाट्याला येत नाहीत, त्याचे काय होते ते आपल्याच जिल्ह्याने पाहिले आहे.

१ जुलै २०१८. रविवार होता. साक्री तालुक्यातील राईनपाडा येथे आठवड्याचा बाजार भरला होता. नाथपंथी डवरी गोसावी या भटक्या समाजातील पाच माणसे तेथे आली. त्यांतील बहुतेक सोलापूर जिल्ह्याच्या मंगळवेढा तालुक्यातील. भिक्षा मागत गावोगाव फिरणे हा त्यांचा पिढ्यान्‌पिढ्यांचा क्रम. मुले पळविणारी टोळी फिरत असल्याच्या अफवेने तेव्हा सारा परिसर भारलेला होता. एका लहान मुलीशी त्यांच्यापैकी कोणी बोलल्याचे निमित्त झाले आणि जमाव जमला. त्यांना ग्रामपंचायतीच्या कार्यालयात कोंडण्यात आले, आणि तेथेच त्यांना मारून टाकण्यात आले.

ग्रामपंचायतीचे कार्यालय, बंधूंनो! जंगल नव्हे, निर्जन रस्ता नव्हे. जेथे दाखले मिळतात, तंटे मिटतात, जेथे गावाचा शिक्का असतो, ती खोली. समाजाने स्वतःसाठी बांधलेले घरच त्या दिवशी वधस्थान झाले. ‘समाजाने न्याय करावा’ असे आपण सहज बोलून जातो. त्या दिवशी त्या खोलीत शिरलेली माणसेही स्वतःला समाजच समजत होती.

येथे मला एक गोष्ट सांगावयाची आहे. ती मी आजवर कोणास सांगितलेली नाही.

त्या जूनच्या अखेरीस माझ्या मोबाइलवर तोच संदेश आला होता. मुले पळविणारी टोळी जिल्ह्यात उतरली आहे, भिकाऱ्याच्या वेशात आहे, सावध राहा. मी कायद्याचा पदवीधर. साक्षीदाराला उलटतपासणीत ‘हे तुम्ही स्वतः पाहिले की ऐकले?’ असे हजारो वेळा विचारलेला माणूस. मी तो संदेश क्षणभरही न पारखता आपल्या समाजाच्या ग्रुपवर पुढे पाठविला, आणि खाली ‘सर्वांनी काळजी घ्यावी’ असे स्वतःचे वाक्य जोडले. एक जुलैच्या रात्री बातमी आली तेव्हा मी तो संदेश पुसून टाकला. कोणी विचारले नाही. माझ्या संदेशामुळे राईनपाडा घडले असे मी म्हणत नाही. तो तेथवर गेला असण्याचा संभवही थोडाच. परंतु त्या अफवेला जी हजारो बोटे लागली, त्यांत माझे एक होते.

त्या वर्षीच्या संवत्सरीला मी नेहमीप्रमाणे प्रतिक्रमण केले आणि ‘मिच्छामि दुक्कडम्’चे संदेश सर्वांना धाडले. पाठवून झाल्यावर यादी पाहिली. सारी माझीच माणसे होती : नातेवाईक, व्यापारी, अशील, बारमधील सहकारी. ज्यांची क्षमा मागावयास हवी होती त्यांचा पत्ताच माझ्याजवळ नव्हता, कारण त्यांना पत्ता नव्हता. आपली क्षमापना किती आखूड रस्त्याने फिरते, हे मला त्या दिवशी उमगले.

असो. पुढे काय झाले ते थोडक्यात सांगतो. त्याच महिन्यात, १७ जुलै २०१८ रोजी, सर्वोच्च न्यायालयाने तहसीन पूनावाला प्रकरणात झुंडीच्या हिंसेविषयी निर्देश दिले आणि प्रत्येक जिल्ह्यात पोलीस अधीक्षकाहून कमी नसलेला अधिकारी त्यासाठी नेमावा असे सांगितले. भारतीय न्याय संहितेने पाच किंवा अधिक जणांच्या गटाने जात, भाषा, जन्मस्थान अशा कारणांवरून केलेल्या हत्येला स्वतंत्र उपकलम दिले. ती संहिता अमलात आली तो दिवस १ जुलै २०२४; योगायोगाने राईनपाड्याला त्या दिवशी सहा वर्षे पूर्ण झाली. कायदे झाले ते चांगलेच झाले. पण १६ एप्रिल २०२० रोजी पालघर जिल्ह्यात गडचिंचले येथे दोन साधू व त्यांचा वाहनचालक जमावाच्या हाती मेले, तेव्हा सर्वोच्च न्यायालयाचे निर्देश होऊन पावणेदोन वर्षे लोटली होती. सप्टेंबर २०२२ मध्ये सांगली जिल्ह्याच्या जत तालुक्यात लवंगा येथे मथुरेकडच्या चार साधूंना मुले पळविणारे समजून मारहाण झाली. त्यांनी एका मुलाला रस्ता विचारला होता, एवढेच. भगवी वस्त्रेही वाचवू शकली नाहीत, हे आपण ज्यांचे साधू पायी फिरतात त्यांनी विसरू नये.

भटक्या माणसाविषयीचा हा संशय आभाळातून पडलेला नाही. इंग्रज सरकारने १८७१ साली गुन्हेगार जमाती कायदा करून कित्येक जमातींना जन्मतःच गुन्हेगार ठरविले. तो ३१ ऑगस्ट १९५२ रोजी रद्द झाला. स्वातंत्र्य त्यांच्यापर्यंत पोहोचण्यास पाच वर्षे अधिक लागली. मग १९५९ साली मुंबई भिक्षा प्रतिबंधक कायदा आला. उपजीविकेचे दृश्य साधन नसताना सार्वजनिक ठिकाणी भटकणे हेही त्याच्या व्याख्येत बसते. गाणे, नाचणे, भविष्य सांगणे यांच्या निमित्ताने भिक्षा घेणेही बसते. दिल्ली उच्च न्यायालयाने ऑगस्ट २०१८ मध्ये त्याची अनेक कलमे तेथील प्रदेशापुरती घटनाबाह्य ठरविली. आपल्या राज्यात तसे झाले नाही. आपण ज्याला गोचरी म्हणून वंदन करतो आणि ज्याला भीक म्हणून गुन्हा मानतो, त्यांतील भेद शास्त्राने मला समजतो. पण रस्त्यावरच्या शिपायाने तो कसा ओळखावा?

वकिलीतील एक अनुभव येथे सांगण्यासारखा आहे. किरकोळ गुन्ह्यात पकडलेला माणूस जामिनास पात्र ठरतो, न्यायाधीश जामीन मंजूर करतात, आणि तरी तो आतच राहतो. कारण ऐपतीचा दाखला असलेला जामीनदार हवा. पालात राहणाऱ्याला तो कोण देणार? १९७८ साली मोतीराम नावाच्या गवंड्याचे प्रकरण सर्वोच्च न्यायालयापुढे आले होते. त्याच्याकडून १० हजारांचा जामीन मागितला गेला, आणि त्याचा भाऊ जामीन राहण्यास तयार असता त्याची मालमत्ता दुसऱ्या जिल्ह्यात आहे म्हणून तो नाकारला गेला. न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांनी हे अमान्य केले आणि रक्कम १ हजारावर आणली. पुढे फौजदारी प्रक्रिया संहितेतही दुरुस्ती झाली आणि जामीनपात्र गुन्ह्यात आठवड्याभरात जामीनदार देऊ न शकणाऱ्यास निर्धन मानून जातमुचलक्यावर सोडावे, असे ठरले. तरीही कोर्टाच्या व्हरांड्यात मी जे पाहिले ते असे, की ज्याच्या बाजूने ‘मी याला ओळखतो’ म्हणणारा एक माणूस उभा राहतो तो संध्याकाळी घरी जातो, आणि ज्याच्या बाजूने कोणी नाही तो जात नाही. न्यायाची सुरुवात निवाड्याने होत नाही, ओळखीने होते.

ही ओळख पूर्वी कशी सांभाळली जात असे, याची उदाहरणे खानदेशातच आहेत. गावाचा जागल्या घ्या. अनेक गावी तो भिल्ल समाजातील असे आणि गाव त्याला धान्याच्या रूपाने मोबदला देई. कोण आले, कोण गेले, कोणाचे जनावर कोणत्या वाटेने निघाले, हे त्याला ठाऊक. ज्यांच्यापासून भय आहे असे मानले जाई त्यांच्याच हाती राखण देण्याची ही रीत. १८२५ साली धरणगावी जेम्स औट्रमने खानदेश भिल्ल पलटण उभारली तीही याच सूत्रावर. इंग्रजांनी ते पुण्यकर्म म्हणून केले नाही, त्यांना शांत मुलूख हवा होता. शिवाय त्या शांततेची किंमत भिल्लांनी कशी मोजली तो वेगळा इतिहास आहे. पण सूत्र खरे होते.

दुसरे उदाहरण आजही डोळ्यांपुढे आहे. आपल्या तालुक्यातील ठेलारी बांधव मेंढ्या घेऊन महिनोन्‌महिने फिरतात. शेतकरी त्यांना आपण होऊन बोलावतो, शेतात मेंढ्या बसवितो, खत मिळते, त्याबद्दल धान्य किंवा पैसे देतो. ठेलाऱ्याचा मुक्काम उघड्यावरच असतो, पण त्याला कोणी बेघर म्हणत नाही आणि त्याच्यावर सहसा कोणी संशय घेत नाही. का? तर तो कोणाच्या तरी शेतात बसलेला असतो. विचारणाऱ्याला उत्तर देणारा शेतमालक असतो.

तंटामुक्तीचाही उल्लेख केला पाहिजे. आर. आर. पाटील गृहमंत्री असताना १५ ऑगस्ट २००७ पासून महात्मा गांधी तंटामुक्त गाव मोहीम सुरू झाली. गावाच्या समितीने तंटे गावातच मिटवावेत आणि लोकसंख्येप्रमाणे एक ते दहा लक्षांचे पारितोषिक मिळवावे, अशी योजना. मी स्वतः अनेक बांधाचे व वाटणीचे तंटे तिच्यातून मिटलेले पाहिले आहेत. वर्षानुवर्षांच्या तारखा वाचल्या. (आम्हा वकिलांचे थोडे नुकसान झाले, ते सोसू.) मात्र तिची मर्यादाही पाहिली. समितीपुढे दोघेही गावचे असतील तरच तडजोड. एक बाहेरचा किंवा दुबळा असेल तर तडजोडीचे रूपांतर दडपणात होण्यास वेळ लागत नाही. पंचायतीच्या नावाने माणसाला वाळीत टाकण्याचे प्रकार इतके झाले की सामाजिक बहिष्काराविरुद्ध २०१६ चा कायदा करावा लागला. तो जुलै २०१७ पासून लागू आहे आणि असा कायदा करणारे आपले राज्य देशात पहिले. ज्या समाजाच्या न्यायात परक्याला बसण्यास जागा नाही, तो न्याय अर्धाच राहतो.

परक्यासाठी जागा करण्याचे काम या महाराष्ट्रात झालेले आहे. संत गाडगेबाबांनी नाशिक, पंढरपूर, आळंदी येथे धर्मशाळा उभारल्या. पंढरपूरची चोखामेळा धर्मशाळा तर ज्यांना इतरत्र दार बंद होते त्यांच्यासाठी. स्वतः बाबा खापर आणि चिंध्या घेऊन फिरत राहिले. दादरला त्यांच्या नावाने चालणाऱ्या धर्मशाळेत टाटा रुग्णालयाचे रुग्ण व नातेवाईक राहतात. खानदेशातल्या अनेक घरांना ती ठाऊक आहे. आपल्या काळातील उदाहरण डॉ. भरत वाटवानी व त्यांच्या पत्नी डॉ. स्मिता यांचे. रस्त्यावर मनोरुग्णावस्थेत भटकणाऱ्यांना उचलून आणणे, उपचार करणे, आणि बरे वाटू लागल्यावर त्याची भाषा, त्याचे गाव शोधून त्याला घरी पोहोचविणे, हे काम त्यांनी १९८८ मध्ये सुरू केले. २००६ पासून कर्जतला त्यांचे केंद्र आहे. ज्याला लोक वेडा भिकारी म्हणत त्याला नाव, गाव व आईबाप असतात, हे त्यांनी हजारो वेळा सिद्ध केले. त्यांना मॅगसेसे पुरस्कार मिळाला ते वर्ष २०१८, म्हणजे राईनपाड्याचेच.

तर आपण काय करावे? शासनाने करावे, असे म्हणता येईल. २०१० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने शहरी बेघरांसाठी निवारे उभारण्याचे आदेश दिले. २०१३ मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय नागरी उपजीविका अभियानाने एक लक्ष लोकसंख्येमागे किमान शंभर जणांचा, बारमाही निवारा असे प्रमाण ठरविले. हिशेब करून पाहा. लाखाच्या त्या मापात शिंदखेडा बसतच नाही. लहान गावातला बेघर मापाच्या बाहेर राहतो, आणि म्हणून तो पूर्णतः गावाच्या पदरात पडतो.

आपल्या धर्मशाळेचा मागचा लांब हॉल पर्युषण आणि लग्नसराई सोडली तर वर्षातील बहुतेक रात्री रिकामा असतो. तेथे दहा जणांच्या रात्रीच्या निवाऱ्याची सोय करावी, अशी माझी विनंती आहे. स्वतंत्र प्रवेश मागील गल्लीतून देता येईल. स्त्रियांसाठी व कुटुंबांसाठी वेगळी खोली हवी. एक वही असावी, तीत येणाऱ्याने सांगितलेले नाव व गाव लिहावे, आणि तिची माहिती दररोज पोलीस ठाण्यात द्यावी. ही वही त्याच्यावर पाळत ठेवण्यासाठी नाही, हे त्यालाही आणि ठाण्यालाही स्पष्ट सांगावे. उद्या बाजारात कोणी त्याची कॉलर धरली तर ‘हा काल आमच्याकडे होता’ असे म्हणता यावे, एवढ्याचसाठी ती आहे. आणि समाजातील पाच जणांचे मोबाइल क्रमांक ठाण्यात व बाजारपेठेत असावेत. अफवा उठली की पहिला फोन त्यांना यावा, आणि त्यांनी निघावे. राईनपाड्यात त्या दिवशी दारात उभे राहणारे असे पाच जण असते तर, हा प्रश्न मला अजून झोपू देत नाही.

आक्षेप मी ऐकलेले आहेत. आवारात मद्य-मांस येईल, असे काहींना वाटते. नियम दारावर लिहावा, तो सर्वांना सारखा असावा. स्वच्छ भाषेत सांगितलेला नियम गरीब माणूस पाळतो, असा माझा अनुभव आहे. चोरी होईल, हा दुसरा. होऊ शकते. पन्नास वर्षांत आपल्या वर्गणीदार पाहुण्यांनी किती पितळी भांडी नेली, याची नोंदही कोषाध्यक्षांकडे आहे. तिसरा आक्षेप मात्र वजनदार आहे. संस्थेच्या घटनेत धर्मशाळा ‘समाजबांधवांसाठी’ असे लिहिले आहे, म्हणून इतरांना देणे हा विश्वस्तभंग होईल, असे दोघा ज्येष्ठांनी मला सांगितले. त्यांची शंका प्रामाणिक आहे. उद्देशाबाहेर विश्वस्तांना जाता येत नाही. पण १९५० च्या सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियमात गरिबांचे व संकटग्रस्तांचे साहाय्य हा धर्मादाय उद्देश स्पष्ट नमूद आहे, आणि कलम ५० अ खाली धर्मादाय आयुक्तांकडे अर्ज करून योजनेत बदल मागता येतो. त्यास सर्वसाधारण सभेचा ठराव लागेल, वेळ लागेल, कदाचित हरकतीही येतील. त्या अर्जाचे काम मी विनामूल्य करीन. ज्या ज्येष्ठांचा विरोध आहे त्यांनी सभेत तो अवश्य नोंदवावा. वाद मोकळेपणाने झाला तर पुढे कोणी मागून बोलणार नाही.

ठरावाचा मसुदा मी चिटणीसांच्या हाती दिला आहे. हॉलला पंखे दोनच आहेत आणि मागच्या दाराची कडी तुटलेली आहे, हेही त्यात लिहिले आहे. येत्या सर्वसाधारण सभेत तो पटलावर यावा, अशी अध्यक्षांना विनंती करतो.